सोलापूर परिसरातील स्त्रियांचे केशबंध : जातिचिन्ह आणि निवड

१. प्रश्नाचे स्वरूप

स्त्रियांनी केस कसे बांधावेत, वेणी सोडावी की खोपा घालावा, तीन पेडांची वेणी घालावी की पाच पेडांची, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. राज्यांचे उदयास्त, जमीनमहसूल आणि धार्मिक पंथ यांच्या अभ्यासात केशरचनेला फार तर तळटीपेचे स्थान मिळते. तथापि, ज्या समाजात बहुसंख्य स्त्रियांनी स्वतःविषयी लिखित असे काहीच मागे ठेवले नाही, त्या समाजात त्यांच्या दैनंदिन निर्णयांचा माग काढण्याची साधने मुळातच थोडी आहेत. केशबंध हे त्यांपैकी एक होय. तो रोज नव्याने करावा लागतो, म्हणून रोज बदलता येतो. आणि तो सर्वांना दिसतो, म्हणून त्यावर समाजाची नजर असते. रोज बदलता येणारी गोष्ट पिढ्यानपिढ्या बदलत नसेल, तर ती कोणी स्थिर ठेवली, हा प्रश्न इतिहासाचाच ठरतो.

मराठी प्रदेशातील केशबंधांविषयी जे थोडे लिहिले गेले आहे, त्यात एक गृहीत वारंवार आढळते : अमुक जातीच्या स्त्रिया अमुक प्रकारे केस बांधीत. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी सोलापूर शहर व त्याचा परिसर यांच्या आधारे केली आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चार भाषा पिढ्यानपिढ्या शेजारी नांदणाऱ्या या प्रदेशात जातिचिन्ह आणि निवड यांतील भेद जितका स्पष्ट दिसतो, तितका एकभाषी प्रदेशात क्वचितच दिसेल.

२. शब्द आणि कृती

विवेचनापूर्वी शब्दांचा अर्थ निश्चित करणे इष्ट आहे. वेणी, खोपा, बुचडा, अंबाडा, गंगावन हे शब्द एकोणिसाव्या शतकातील मराठीत रूढ होते. केसांचे पेड करून ते एकमेकांत गुंफले म्हणजे वेणी होते. ती पाठीवर सोडली तर तिला वेणी वा शेपटा म्हणतात; मागे गुंडाळून बसविली तर तिचा खोपा वा अंबाडा होतो. केस न गुंफता नुसते पिळून गाठ मारली, तर तो बुचडा. म्हणजे वेणी आणि खोपा हे परस्परविरोधी प्रकार नसून पुष्कळदा एकाच कृतीच्या दोन पायऱ्या आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

वेणीचे प्रकार पेडांच्या संख्येवरून ठरतात. तिपेडी वेणीत दोन्ही कडांचे पेड आळीपाळीने मधल्या पेडावरून आत येतात. पाचपेडीत कडेचा पेड शेजारच्या एका पेडावरून व दुसऱ्याखालून मध्यभागी येतो. त्यामुळे ती रुंद, सपाट आणि विणलेल्या पट्टीसारखी दिसते. तिपेडी वेणी स्त्रीला स्वतःच्या हाताने, न पाहता घालता येते. चौपेडी व पाचपेडी वेणी पाठीमागे बसून दुसऱ्या कोणी घालावी लागते. हा भेद वरवर तांत्रिक वाटला तरी पुढील विवेचनात तो निर्णायक ठरतो. पाचपेडी वेणी म्हणजे केवळ अधिक नटवी वेणी नव्हे. जिच्या केसांसाठी घरातील दुसऱ्या स्त्रीला वेळ आहे, अशा स्त्रीची ती वेणी होय.

शेजारच्या भाषांकडे पाहता आणखी एक गोष्ट नजरेस येते. तेलुगूत वेणीला ‘जड’ आणि कन्नडात ‘जडे’ म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृत ‘जटा’ या शब्दाशी जोडले जातात. मराठीत त्याच ‘जटा’पासून ‘जट’ हा शब्द आला, पण त्याचा अर्थ नेमका उलट झाला : न विंचरल्यामुळे गुंतून घट्ट झालेले केस. तेलुगूतील ‘कोप्पु’ आणि मराठीतील ‘खोपा’ यांचे साम्यही लक्षणीय आहे. मात्र मराठीत ‘खोपा’ हा पक्ष्याच्या घरट्यालाही म्हणतात, हे लक्षात घेता केवळ ध्वनिसाम्यावरून उसनवारीचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. सोलापुरात एकाच गल्लीत हे सर्व शब्द ऐकू येत असल्याने केशबंधाची निवड ही येथे भाषेच्या सीमेवर घडणारी गोष्ट होती, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

३. प्राचीन पुरावा आणि त्याची मर्यादा

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीपासून जवळ असलेले, आज धाराशिव जिल्ह्यात मोडणारे तेर हे सातवाहनकालीन व्यापारी नगर होते. प्राचीन ‘तगर’ ते हेच. तेथे सापडलेली स्त्रीची हस्तिदंती मूर्ती प्रसिद्ध आहे. इटलीत पाँपेई येथे १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, तिच्याशी तेरच्या मूर्तीचे निकटचे साम्य आहे. पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेले असल्याने ती मूर्ती त्यापूर्वीची, हे उघड आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननातही त्याच जातीची हस्तिदंती मूर्ती मिळाल्यामुळे काही अभ्यासकांनी पाँपेईच्या मूर्तीचा संबंध दख्खनशी जोडला. त्या मूर्तीच्या पाठीवर लांब सोडलेली वेणी कोरलेली आहे. तेव्हा पाठीवर वेणी सोडण्याचा प्रकार इसवी सनाच्या पहिल्या शतकात ज्ञात होता, यात शंका नाही.

परंतु या पुराव्यावरून ‘ही आपली दोन हजार वर्षांची परंपरा’ असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. मूर्तीतील केशरचना आदर्श सौंदर्याची असते. दळणकांडण करणाऱ्या स्त्रीची नसते. शिवाय रूप तेच राहिले तरी अर्थ बदलतो. रामायणातील अशोकवनातील सीता आणि कालिदासाच्या मेघदूतातील यक्षपत्नी यांचे वर्णन एकवेणीधारी असे येते. तेथे ती न सोडलेली एकच वेणी पतिविरहाची खूण आहे. भट्टनारायणाच्या वेणीसंहार या नाटकाचे नावच द्रौपदीच्या मोकळ्या केसांच्या पुन्हा बांधण्यावरून पडले आहे. विसाव्या शतकात शाळा-महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीच्या पाठीवरील एका वेणीत यांपैकी कोणताही अर्थ उरला नव्हता. केशबंधाचा इतिहास लिहिताना आकारांची वंशावळ जुळविण्यापेक्षा अर्थांतील स्थित्यंतरे शोधणे अधिक फलदायी होय, ते याच कारणाने.

४. गॅझेटियरची नोंद : एक चिकित्सा

सोलापूरविषयीच्या सामाजिक माहितीसाठी अभ्यासक प्रथम मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या विसाव्या खंडाकडे वळतो. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली तो १८८४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील लोकवस्तीच्या प्रकरणात जातवार वर्णने आहेत. घर, अन्न, पोशाख, संस्कार या क्रमाने ती येतात. आणि पोशाखाच्या ओघात स्त्रिया केस मागे गाठ मारून बांधतात की वेणी घालतात, फुले माळतात की नाही, उसने केस वापरतात की नाही, याचीही नोंद अनेक ठिकाणी केलेली आढळते.

इतक्या बारीकसारीक गोष्टीची नोंद ठेवली गेली, हे त्या ग्रंथाचे मोठे उपकार होत. तथापि या नोंदींची रचनाच अशी आहे की, तीत निवडीला जागा राहत नाही. वर्णनाचा एकक जात हा आहे. म्हणून जे काही दिसले ते जातीचे लक्षण म्हणून लिहिले गेले. एकाच घरातील कुमारिका, सुवासिनी आणि विधवा यांचे केशबंध भिन्न असत. सणाचा दिवस आणि कामाचा दिवस यांत फरक असे. सुबत्ता आणि टंचाई यांप्रमाणेही तो बदले. जातवार वर्णनात हे सारे भेद एका वाक्यात विरून जातात. ओटो रॉथफेल्ड यांच्या १९२० मधील भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी म. वि. धुरंधर यांनी काढलेली चित्रे रेखाटनाच्या दृष्टीने उत्कृष्ट असली, तरी तेथेही प्रत्येक स्त्री ही एखाद्या समूहाचा नमुना म्हणूनच उभी आहे.

गॅझेटियरमधील उसन्या केसांचा उल्लेख या दृष्टीने उद्बोधक आहे. मराठीत यास गंगावन म्हणत. चमरी गाईच्या शेपटीचे केस वेणीत गुंफून ती लांब व भरदार करीत. हा माल हिमालयाकडून येई. म्हणजे तो विकत घ्यावा लागे. त्याचप्रमाणे वेणीच्या टोकाला लावावयाचे रेशमी गोंडे पटवेकरी करीत. राखडी, केतक, मूद, नाग ही वेणीतील आभूषणे सोनार घडवीत. तेव्हा ‘अमुक जातीच्या स्त्रिया उसने केस वापरीत नाहीत’ या वाक्याचा अर्थ ‘त्यांच्यात तशी रूढी नाही’ असा घ्यावयाचा, की ‘त्यांना ते परवडत नाही’ असा घ्यावयाचा, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे. गरिबीला रूढीचे नाव दिले गेले, की तिचा इतिहास लिहिण्याची वाटच बंद होते.

५. गिरणगावातील शेजार

१८६० साली सोलापूर रेल्वेने जोडले गेले. १८७० च्या दशकात येथे कापडाची पहिली गिरणी उभी राहिली, तीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनच्या ग्रामीण भागाची घडी विस्कटली. निजामाच्या राज्यातील तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात वस्ती केली. दक्षिणेकडील कन्नडभाषक लिंगायत कुटुंबे तर आधीपासूनच येथे होती. हातमाग, गिरणी आणि पुढे विडीचा धंदा यांत स्त्रियांचे श्रम मोठ्या प्रमाणावर गुंतले.

या परिस्थितीचे केशबंधावर दोन परिणाम संभवतात. पहिला कामाचा. गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यांतून स्त्रिया काम करीत. फिरत्या यंत्राजवळ पाठीवर लोंबणारी वेणी धोक्याची. शिवाय भोंगा होण्यापूर्वी स्वयंपाक उरकून निघावयाचे असल्याने पाठीमागे बसून कोणी वेणी घालावी इतकी सवड नाही. अशा स्त्रीने स्वतःच्या हाताने पिळून बांधलेला बुचडा पसंत करावा, हे तिच्या जातीपेक्षा तिच्या घड्याळावरून अधिक समजते. घरी बसून विड्या वळणारी किंवा मागासाठी कांड्या भरणारी स्त्री मात्र दुपारच्या वेळी शेजारणीकडून वेणी घालून घेऊ शकत असे. एकाच जातीच्या, एकाच गल्लीतल्या दोन स्त्रियांचे केशबंध भिन्न दिसण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

दुसरा परिणाम शेजाराचा. तेलुगू घरांत लग्नप्रसंगी व सणावारी फुलांनी मढविलेली ‘पूल जड’ आणि वेणीच्या टोकाला ‘कुच्चुलू’ नावाचे तीन गोंडे लावण्याची रीत आहे. कन्नड घरांत मोगऱ्याच्या कळ्यांनी सजविलेली ‘मोग्गिन जडे’ प्रसिद्ध आहे. मराठी घरांत खोप्याभोवती गजरा वा फुलांची वेणी माळतात. येथे मराठीत गुंफलेल्या केसांना आणि गुंफलेल्या फुलांना ‘वेणी’ हा एकच शब्द आहे, हेही सूचक होय. हे तिन्ही प्रकार एकाच वाड्याच्या अंगणात पाहत वाढलेल्या मुलीपुढे आपल्या आजीच्या खेड्यातील मुलीपेक्षा अधिक पर्याय होते. पर्याय दिसणे म्हणजे ते स्वीकारता येणे नव्हे. परंतु निवडीची पहिली अट म्हणजे दुसरा प्रकार डोळ्यांसमोर असणे, ही होय. ती अट सोलापूरने पुरी केली.

६. जेथे निवड संपत होती

निवडीची खरी कसोटी तिच्या सीमेवर लागते. एकोणिसाव्या शतकात ती सीमा दोन ठिकाणी स्पष्ट दिसते.

पहिली सीमा वैधव्याची. सुवासिनीचे केस हे सौभाग्याचे अंग मानले जाई. प्रयागच्या त्रिवेणी संगमावरील वेणीदानाच्या विधीत पती स्वतः पत्नीची वेणी घालतो आणि तिचे टोक कापून संगमात अर्पण करतो. म्हणजे स्त्रीच्या केसांवर पतीचा अधिकार धर्मविधीनेही सूचित केला होता. पती निवर्तला की, ब्राह्मणांत व त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत, ते केसच काढून टाकीत. १८५६ च्या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह विधिसंमत झाला. परंतु केशवपनाला त्या कायद्याने हात लावला नव्हता. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतील यमूच्या सक्तीच्या केशवपनाचा प्रसंग मराठी वाचकांच्या मनावर खोल ठसला, तो त्यात कल्पिताचा अंश फार थोडा होता म्हणून. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवावा, हा या चळवळीचा विशेष होय. शास्त्रार्थाच्या वादात ज्यांना कोणी विचारले नव्हते, असे श्रमिक येथे निर्णायक ठरले.

सोलापूर जिल्ह्याचा या प्रश्नाशी निकटचा संबंध पंढरपूरमुळे येतो. तेथे १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या प्रयत्नाने, संकटात सापडलेल्या विधवा आणि त्यांची अर्भके यांच्यासाठी आश्रम निघाला. पुढे तो प्रार्थना समाजाने चालविला. या आश्रयाची गरज कोणामुळे निर्माण झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे केशवपनाचा हेतू उघड होतो. विधवेचे सौंदर्य नष्ट केले की तिच्यावरील संकट टळेल, असे मानणाऱ्या समाजाच्या त्या उपायाचे अपयश पंढरपूरच्या आश्रमाने रोजच्या रोज सिद्ध केले.

दुसरी सीमा जटेची. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक या पट्ट्यात मुलीच्या केसांत जट झाली की ती सौंदत्तीच्या यल्लम्माची खूण मानण्याची समजूत होती. जट विंचरावयाची नाही, कापावयाची नाही. आणि पुष्कळदा त्या मुलीला देवीला सोडून जोगतीण करावयाचे. केसांची निगा न राखल्याने झालेला गुंता हा मुलीच्या साऱ्या आयुष्याचा निर्णय ठरे. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ च्या अधिनियमाने तिचे निर्मूलन केले. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जटा कापण्याचे काम पुढे नेले. ज्या संस्कृत शब्दाचा तेलुगू मुलीच्या घरी रोज विंचरून घातलेली वेणी असा अर्थ होता, त्याच शब्दाने शेजारच्या घरी दुसऱ्या मुलीचे केस, आणि त्यांबरोबर तिचे आयुष्य, तिच्या हातून काढून घेतले जाई.

या दोन सीमांमधून पाहिले असता गॅझेटियरमधील वाक्यांना निराळा अर्थ येतो. ‘केस मागे बांधतात, फुले माळीत नाहीत’ हे वाक्य एखाद्या जातीचे वर्णन म्हणून वाचले तर ते निरुपद्रवी वाटते. त्यातील विधवा वेगळ्या काढल्या, जोगतिणी वेगळ्या काढल्या, पहाटे कामावर जाणाऱ्या वेगळ्या काढल्या, म्हणजे त्याच वाक्यात आज्ञा किती, अभाव किती आणि आवड किती, हे दिसू लागते.

७. शाळा आणि दोन वेण्या

विसाव्या शतकात मुलींच्या शिक्षणाबरोबर आणखी एक स्थित्यंतर घडले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाचे कार्य सोलापुरातही पोहोचले. इतर संस्थांच्याही कन्याशाळा निघाल्या. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या दोन वेण्या, वर दुमडून रिबिनीने बांधलेल्या, ही हळूहळू महाराष्ट्रभर विद्यार्थिनीची खूण झाली. त्यानंतर महाविद्यालयात एक वेणी, पुढे प्रौढपणी अंबाडा, असा क्रम रूढ झाला.

हे स्थित्यंतर दिसते त्यापेक्षा मोठे आहे. पूर्वी केशबंधावरून मुख्यतः वैवाहिक स्थिती ओळखली जाई. आता वय आणि शिक्षण ओळखले जाऊ लागले. वर्गातील सर्व मुलींच्या दोन वेण्या एकसारख्या असल्याने कोणाची आई घरी ‘जड’ म्हणते आणि कोणाची ‘वेणी’, हे पाठमोऱ्या रांगेत ओळखू येईनासे झाले. जातवार वर्णनाला या रांगेने जे उत्तर दिले, तसे कोणत्याही ग्रंथाने दिलेले नाही. मात्र याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. दोन वेण्या हा मुलींनी निवडलेला प्रकार नव्हता. तो शिस्तीचा नियम होता. जातीच्या खुणेतून मुलीला सोडविणाऱ्या शाळेने तिच्यावर आपली खूण उमटविली. तरीही या दोन खुणांत एक मूलभूत अंतर आहे. शाळेची खूण शाळा सुटली की सोडता येत होती. विधवेला वा जोगतिणीला तशी सुट्टी कधीच नव्हती.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, सोलापूर परिसरातील केशबंधांचे जातवार वर्गीकरण हे वास्तवाचे यथातथ्य चित्र नसून नोंद करण्याच्या एका पद्धतीचे फलित आहे. दोन, निवड होती; पण ती वय, वैवाहिक स्थिती, काम, पैसा आणि केस विंचरावयास मिळणारे दुसरे हात यांनी मर्यादित केलेली होती. तीन, या निवडीचे मोल तिच्या अभावावरूनच कळते. वपन झालेली विधवा आणि जट राखावी लागलेली मुलगी यांना वगळून केशबंधाचा इतिहास लिहिणे म्हणजे केवळ शोभेची सूची करणे होय.

पुढील अभ्यासास साधनांची वाण नाही. घरोघरी जपलेली लग्नातील छायाचित्रे, कन्याशाळांतील वर्गांची सामूहिक छायाचित्रे, पटवेकऱ्यांच्या व सोनारांच्या जुन्या वह्या, आणि हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांच्या प्रयत्नाने संकलित झालेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या, ही सारी साधने या दृष्टीने तपासावयास हवीत. छायाचित्र पाहताना ‘या कोणत्या जातीच्या?’ हा प्रश्न अभ्यासकाच्या मनात प्रथम येतो. तो बाजूस ठेवून ‘हिची वेणी कोणी घातली असेल?’ हा प्रश्न विचारावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना त्या घरातील आई, आत्या, शेजारीण, त्यांचे काम आणि त्यांची सवड यांपर्यंत जावे लागते. आणि सामाजिक इतिहासाला जावयाचे असते ते तेथपर्यंतच.